बोराटेसाहेबांचे दोन शॉट

केबलचं पहिलं रीळ ट्रकमधून उतरवायला माणसं चढली तेव्हा मी फ्री थ्रोच्या रेषेवर उभी होते, आणि मी तिथून हलले नाही. ट्रकवाल्यानं दोनदा हॉर्न वाजवला. मग तो खाली उतरून म्हणाला, "बाई, बाजूला व्हा की. साहेबांची ऑर्डर हाय. हितं गोडाऊन होणार हाय."

बाई म्हणजे मी. वय एकोणीस, पण उंची पाच फूट नऊ इंच, त्यामुळे मला लहान समजायची सोय कुणालाच नव्हती. कासारखिंडीची आमची वसाहत जलविद्युत प्रकल्पाची. आप्पा, म्हणजे माझे वडील, तिथं क्रेन चालवायचे. डोंगर पोखरून पॉवरहाऊस बांधायला आलेल्या कुटुंबांसाठी पत्र्याची शाळा होती, दवाखाना होता, आणि एका हौशी ओव्हरसियरनं निवृत्त होण्याआधी करून घेतलेलं बास्केटबॉलचं सिमेंटचं मैदान होतं. संध्याकाळी साडेपाचपासून दिवेलागणीपर्यंत ते आम्हा मुलींचं. बाकीचा दिवस म्हणजे घर, नळ आणि वाचनालयातली तीच ती पुस्तकं.

माझी जिवलग झुलेखा ट्रकच्या पुढच्या चाकासमोर फतकल मारून बसली. ती ड्रायव्हर मुल्लांची मुलगी आणि आमच्या टीममधली सगळ्यात चलाख. तिच्या मागोमाग बाकीच्याही बसल्या.

"घाल आता अंगावर," झुलेखा म्हणाली. "माझा बाप पण ड्रायव्हरच हाय. त्याला तुझ्या गाडीचा नंबर सांगते नुसता."

एवढ्यात कार्यकारी अभियंता टिळेकरसाहेबांची जीप आली. माणूस वाईट नव्हता, सभ्य होता, पण सपाट जागा दिसली की तिच्यावर काहीतरी ठेवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं की दुसऱ्या युनिटची केबल आली आहे, ठेवायला दुसरी कोरडी जागा नाही, आणि खेळच खेळायचा तर मुलींनी रिंग टेनिस खेळावं. मी रेषेवरच उभी. बॉल मी पोटाशी घट्ट धरला होता.

त्याच वेळी पॉवरहाऊसच्या रस्त्यानं बोराटेसाहेब चालत आले.

त्यांचं खरं नाव मिलुतिन बोरोता. युगोस्लाव्हियातून आमच्याकडे टर्बाइन बसवायला आलेला इंजिनिअर. त्यातही आपण सर्ब आहोत हे ते आवर्जून सांगायचे. उंची सहा फूट सात इंच. गेस्टहाऊसच्या पलंगाला सुतारानं पायांकडून एक बाकडं जोडून दिलं होतं. बोरोता हे नाव फिटर लोकांनी आठ दिवसांत बोराटे करून टाकलं, आणि पलीकडच्या गावातल्या खऱ्या बोराट्यांनी भावकीतला माणूस म्हणून त्यांना एका बारशालासुद्धा बोलावलं. ते गेले, आणि पाच भाकऱ्या खाऊन आले. वर्षभरात ते मराठी शिकले होते, पण तीही फिटरांकडून, त्यामुळे ते बोलायला लागले की बायका पदर तोंडाला लावायच्या.

त्यांनी ट्रक पाहिला, बसलेल्या मुली पाहिल्या, आणि मग वर रिंगकडे पाहिलं. कुणाला काही न विचारता त्यांनी एव्हाना उतरवलेलं ते एकुलतं रीळ रिंगखाली ढकललं, त्यावर चढून खिशातून पातळी मोजायची छोटी स्पिरिट लेव्हल काढली आणि रिंगवर ठेवली.

"रिंग डावीकडे खाली आहे," ते म्हणाले. "अर्धा इंच. तुम्ही वाकडा रिंगवर खेळतो, मग हरतो."

टिळेकरसाहेब हसले. म्हणाले, रिंग सरळ केली तरी या हरणारच, तीन वर्षं पहिल्याच फेरीत परत आल्या आहेत. दर फेब्रुवारीत वीज प्रकल्पांच्या वसाहतींची स्पर्धा भरायची, तिच्याबद्दल ते बोलत होते. विजेत्यांना लाकडी ढाल मिळायची आणि ती वर्षभर साहेबांच्या ऑफिसात टांगलेली असायची. आमच्या साहेबांच्या ऑफिसात त्या जागी कॅलेंडर होतं.

"ढाल आणला तर?" बोराटेसाहेबांनी रिळावरूनच विचारलं.

"तर मैदान यांचं. मी असेपर्यंत आणि मी गेल्यावरही, लेखी देतो," टिळेकरसाहेब म्हणाले. "आणि नाही आणली तर दुसऱ्या दिवशी इथं केबल."

ट्रक माघारी गेला. रीळ मात्र कोपऱ्यात लोटून ठेवलं, आठवण म्हणून असेल.

आमच्या हातात पाच आठवडे होते. बोराटेसाहेब रोज पाळी सुटली की हेल्मेट हातात धरून थेट मैदानावर यायचे. पहिले आठ दिवस त्यांनी बॉलला हातच लावू दिला नाही. गुडघे वाकवून खेकड्यासारखं आडवं पळायचं, थांबायचं, पुन्हा पळायचं. कुंपणाबाहेर बायकांची गर्दी जमायची. आई दुसऱ्या दिवशी बघून गेली आणि घरी म्हणाली, "ह्यो काय खेळ म्हणायचा? पोरी कायतरी हरवल्यागत पळत्यात." आप्पा फक्त म्हणाले की एवढ्या उंचीचा उपयोग कुठंतरी होऊ दे.

नवव्या दिवशी बॉल मिळाला आणि आम्हाला कळलं की आपले पाय आता वेगळेच झाले आहेत. झुलेखा तर वाऱ्यासारखी सुटायची. आम्ही फिटर पोरांच्या टीमशी सामने खेळायला लागलो, आणि तिसऱ्या सामन्यात त्यांना हरवलं. ते दोन दिवस आम्हाला तोंड दाखवत नव्हते. मला आयुष्यात पहिल्यांदा सकाळी उठल्यापासून संध्याकाळची घाई व्हायची.

एक गोष्ट मात्र झुलेखाच्या डोळ्यांत खुपत होती. बोराटेसाहेब बॉल अडवायचे, पास द्यायचे, घरंगळत गेलेला बॉल आणून द्यायचे, पण रिंगकडे कधी फेकायचे नाहीत. एकदाही नाही. तिनं एके दिवशी विचारलंच की साहेब, तुम्ही हे सगळं शिकलात कुठं. तेव्हा कळलं की ते सतराव्या वर्षापासून पुढची चौदा वर्षं हेच करत होते, देशाकडूनही खेळले होते, आणि इंजिनिअरिंग त्यांनी प्रवासात बसमध्ये बसून वाचलं होतं.

"मग सोडलं कशाला?" झुलेखानं विचारलं.

"जिंकलो म्हणून," ते म्हणाले आणि शिट्टी वाजवून आम्हाला पळायला लावलं.

झुलेखा पळता पळता माझ्या कानाशी म्हणाली की गड्याचं डोकं टर्बाइनवर आपटलं असणार.

आता माझी गोष्ट सांगायला हवी. मी टीमची कॅप्टन होते. त्या काळी खेळात एक नियम होता, तो पुढं रद्द झाला. समोरच्यानं तुम्हाला फाउल केला आणि दोन फ्री थ्रो, म्हणजे रेषेवरून कुणीही न अडवता टाकायचे एकेका गुणाचे दोन शॉट मिळाले, तर ते घ्यायलाच हवेत असं नव्हतं. कॅप्टननं पंचाला सांगायचं, शॉट नकोत, आम्ही बॉल बाजूनं घेतो. मग मैदानाच्या मध्यावरून, बाजूच्या रेषेबाहेरून बॉल आत टाकून खेळ पुढं चालू व्हायचा. हा नियम केला त्या माणसाचे पाय धुऊन पाणी प्यायला मी तयार होते. कारण तीन वर्षांपूर्वी, वाघजाई प्रकल्पाच्या मैदानावर, मी रेषेवर उभी राहून दोन्ही शॉट घालवले होते. दुसरा तर रिंगलाही लागला नाही. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "खांब हाय पण करंट न्हाई!" आणि सगळं मैदान हसलं. सरावात माझे दहातले आठ जायचे. पण लोक बघत असले आणि पंचानं बॉल हातात दिला, की मला ते हसू ऐकू यायचं. त्यानंतर मी सामन्यात एकदाही त्या रेषेवर उभी राहिले नव्हते. मैदान वाचवायला उभी राहिले तेवढंच.

बोराटेसाहेबांकडे एक वही होती. स्पर्धेच्या चार दिवस आधी त्यांनी ती माझ्यापुढं धरली. फिटरांशी झालेल्या सामन्यांत मला अकरा वेळा शॉट मिळाले होते, आणि अकराही वेळा मी हात बाजूच्या रेषेकडे केला होता.

मी सांगितलं की बॉल आपल्याच हातात राहतो, झुलेखाचा नेम चांगला आहे, तिला द्यायचा. खोटं काहीच नव्हतं त्यात.

त्यांनी त्या अकरा नोंदींवरून बोट फिरवलं. "बरोबर आहे," ते म्हणाले. "हिशोब बरोबर आहे." आणि वही मिटली. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

निघायच्या दिवशी सकाळी टेम्पोपुढं सगळी वसाहत जमली होती. आईनं प्रत्येकीच्या हातावर दही घातलं, झुलेखाच्याही. आम्ही चढलो, टेम्पो हलला, आणि मागून बोराटेसाहेब गेस्टहाऊसचा तांब्या घेऊन धावत आले. आम्हाला वाटलं प्यायचं पाणी राहिलं. त्यांनी तांब्याभर पाणी टेम्पोच्या मागं रस्त्यावर ओतलं, रिकामा तांब्या आईच्या हातात दिला आणि उडी मारून टेम्पोत बसले.

आईनं टेम्पो थांबवला. अख्ख्या वसाहतीसमोर ती म्हणाली, "साहेब, मेल्या माणसामागं पानी सांडत्यात. जित्या पोरींच्या मागं हे काय केलासा?"

ते गोरेमोरे झाले. त्यांनी मोडक्या मराठीत समजावलं की त्यांच्या गावी परीक्षेला, लढाईला, लग्नाला, कुणीही निघालं की घरातलं माणूस मागं पाणी ओततं, काम पाण्यासारखं वाहत जावं म्हणून. पहिल्या सामन्याला निघाले तेव्हा त्यांच्या आईनंही ओतलं होतं. माझ्या आईला ते काडीचं पटलं नाही. तिनं सगळ्यांना पुन्हा उतरवलं, पुन्हा दही दिलं आणि मगच सोडलं.

स्पर्धा वाघजाईलाच होती. त्याच मैदानावर. पहिल्या दिवशी आम्ही दोन सामने जिंकलो, इतक्या सहज की मधल्या वेळात आम्हालाच हसू फुटत होतं. उपान्त्य सामन्यात झुलेखानं एकटीनं वीस गुण केले. आणि अंतिम सामन्यात समोर यजमान वाघजाई, सलग चार वर्षांचे विजेते, त्यांच्यात राज्याकडून खेळलेल्या दोघी. मैदानाभोवती इतकी गर्दी की पोरं पाण्याच्या टाकीवर चढून बसली होती.

त्या सामन्यातलं मला आजही पास न् पास आठवतं. पहिल्या पाच मिनिटांत आम्ही दहा गुणांनी मागे पडलो. मग ते आडवं पळणं कामाला आलं. त्यांच्या उंच मुली पुढं घुसायच्या आणि समोर आम्ही आधीच उभ्या. वैतागून त्या लांबून फेकायला लागल्या. मध्यंतराला चार गुणांचा फरक उरला होता. दुसऱ्या डावात झुलेखानं त्यांच्या कॅप्टनच्या हातातून दोनदा बॉल पळवला, आणि टाकीवरची पोरं, जी वाघजाईचीच होती, तीही तिच्या नावानं ओरडायला लागली. मला तीन वेळा फाउल झाला. तिन्ही वेळा मी बाजूनं बॉल घेतला.

शेवटचं मिनिट सुरू झालं तेव्हा ते त्रेचाळीस, आम्ही चाळीस. झुलेखाच्या शॉटनं बेचाळीस. त्यांचा एक शॉट रिंगला लागून बाहेर आला, तो मी उडी मारून धरला, झुलेखाला दिला, तिनं परत दिला, मी रिंगखाली पोचले, बॉल वर नेला आणि त्यांची एक मुलगी थेट माझ्या अंगावर आली. दोघी सिमेंटवर पडलो. कोपर सोलपटलं. शिट्टी वाजली.

सहा सेकंद उरले होते आणि आम्ही एका गुणानं मागे होतो. मला दोन शॉट होते.

पंच माझ्याजवळ येऊन म्हणाले, "कॅप्टन, शॉट की बाजूनं?"

माझा हात उठतच होता. तेवढ्यात गर्दीतून तो आवाज आला. तीन वर्षांत लोक विसरले नव्हते. "खांब! खांब! करंट न्हाई!" मग सगळे टाळ्यांच्या तालावर तेच म्हणायला लागले. मी बोराटेसाहेबांकडे पाहिलं, आणि त्यांनी टाइमआउट मागितला.

आम्ही त्यांच्याभोवती गोळा झालो. झुलेखा धापा टाकत म्हणाली, "इंदे, बाजूनं घे. मी डावीकडनं मोकळी होते. तू नुसता बॉल दे मला."

ती म्हणत होती ते शहाणपणाचं होतं. तिचे त्या सामन्यात बावीस गुण होते. आणि हरलो तर उद्या मैदानावर केबल, ते एकटीचं नव्हतं, सगळ्यांचं होतं. मी मान डोलावली. मग बोराटेसाहेबांना विचारलं, "साहेब, काय करू?"

ते माझ्यापुढं गुडघ्यावर बसले. तरी त्यांचं डोकं माझ्या खांद्यापर्यंत येत होतं.

"एक फायनल होती," ते म्हणाले. "माझ्या देशात. मी कॅप्टन. आम्ही एक गुण मागे, शेवटी मला फाउल. पंच विचारला, शॉट की बाजू. मी बाजू घेतला. दुसऱ्या माणसाला बॉल दिला, त्यानं टाकला, आम्ही जिंकलो. लोक मला खांद्यावर घेतले. पेपरात लिहिलं, किती हुशार कॅप्टन. दुसऱ्या दिवशी मी बूट कपाटात ठेवला."

"पण जिंकलात की," मी म्हणाले.

"हो. म्हणून कुणी विचारला नाही, मिलुतिन, तू भ्यायला होतास का." ते थांबले. "हरलो असतो तर विचारला असता. सात वर्षं झाली, मलाच माहीत नाही ते शॉट गेले असते का. इंदू, दोन्ही बरोबर आहे. तू ठरव."

पंचांची शिट्टी वाजली. झुलेखा माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर राग आहे की रडू, ते मला कळेना. मग तिनं बॉल घेतला, आपल्या शर्टाला घासून घासून पुसला आणि माझ्या हातात दिला.

"घे मग," ती म्हणाली. "पण नाही गेला तर मी तुला जन्मात सोडणार न्हाई."

मी पंचांना सांगितलं, शॉट. माझा आवाज मला दुसऱ्याच कुणाचा तरी वाटला.

रेषेवर उभी राहिले. समोर टाळ्या, खांब, करंट, सगळं चालूच. बोराटेसाहेब बाकावर बसून बुटाची नाडी बांधत होते, जी सुटलेली नव्हती. मी बॉल तीनदा आपटला आणि टाकला. रिंगच्या मागच्या कडेला लागून तो उडाला आणि बाहेर पडला.

टाकीवरच्या पोरांनी टाकी बडवली. लोक नाचायला लागले. आणि मला एक विचित्र गोष्ट जाणवली. ज्याची मला तीन वर्षं धास्ती होती ते आत्ता झालं होतं, सगळे हसत होते, आणि मी तिथंच उभी होते. पाय जागेवर होते. मला चक्क आनंद झाला. हे मी कुणाला सांगितलं असतं तर मला वेड्यातच काढलं असतं. पंचांनी बॉल परत दिला. दुसरा शॉट मी घाई न करता, मैदान आमचंच असल्यासारखा टाकला. तो रिंगच्या कडेवर दोनदा नाचला आणि आत पडला.

त्रेचाळीस-त्रेचाळीस. उरलेल्या सेकंदांत त्यांनी अर्ध्या मैदानावरून फेकलेला बॉल फळ्याला लागून परत आला, आणि पाच मिनिटांचा जादा वेळ मिळाला. त्या पाच मिनिटांत मला आणखी एकदा फाउल झाला. मी पंचांनी विचारायच्या आधीच रेषेवर जाऊन उभी राहिले. दोन्ही गेले. झुलेखानं तीन बास्केट केले. आम्ही एक्कावन्न, ते अठ्ठेचाळीस. शेवटची शिट्टी झाली तेव्हा झुलेखानं मला असा धपाटा घातला की पाठीवर दोन दिवस वळ होता.

ढाल टिळेकरसाहेबांच्या ऑफिसात कॅलेंडरच्या जागी लागली. त्यांनी शब्द पाळला, मैदानाचं लेखी दिलं, आणि कोपऱ्यातलं रीळ स्वतः उभं राहून हलवून घेतलं. केबल शेवटी त्यांच्याच बंगल्याच्या अंगणात ठेवली म्हणे.

जूनमध्ये दुसऱ्या युनिटचं टर्बाइन फिरलं. बोराटेसाहेबांचं काम संपलं. जायच्या आदल्या संध्याकाळी ते मैदानावर आले तेव्हा झुलेखा आणि मी दोघीच होतो. त्यांनी हेल्मेट खाली ठेवलं, बूट काढून पुन्हा घट्ट बांधले, आणि फ्री थ्रोच्या रेषेवर जाऊन उभे राहिले.

"इंदू, तू पंच," ते म्हणाले. "मला विचार."

मला कळलं. मी बॉल घेऊन त्यांच्याजवळ गेले आणि पंचांसारखं ताठ उभं राहून विचारलं, "कॅप्टन, शॉट की बाजूनं?"

"शॉट."

मी बॉल दिला. सहा फूट सात इंचांचा तो माणूस, देशाकडून खेळलेला, त्यानं बॉल आपटला, धरला, पुन्हा आपटला. पहिला शॉट रिंगला उजवीकडून लागून गेला. दुसरा पुढच्या कडेला लागला आणि त्यांच्याच पायाशी परत आला. दोन्ही बाहेर.

झुलेखा लगेच म्हणाली की हे धरायचं नाही, सात वर्षं हात लावला नाही तर कुणाचाही नेम जाईल, पुन्हा टाका. त्यांनी मान हलवली. ते हसत होते. आधी गालात, मग मोठ्यानं, मग इतकं की त्यांना रेषेवरच बसावं लागलं, आणि डोळे पुसत ते म्हणाले, "नाही, नाही. दोनच असतात. झालं. टाकले."

सकाळी जीप निघाली तेव्हा सगळी वसाहत पुन्हा जमली होती. आई दारात दिसली नाही म्हणून मी मागं वळून पाहिलं, तर ती तांब्या घेऊन लगबगीनं येत होती. जीप वळणावर जायच्या आत तिनं भर रस्त्यात पाणी ओतलं आणि कुणी काही विचारायच्या आत घरात निघून गेली.

दुसऱ्या वर्षी नववर्षाचं कार्ड आलं. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेलं. "टर्बाइन सोडला. शाळेत गणित शिकवतो. आत." मी आणि झुलेखानं ते शेवटचं "आत" दहादा वाचलं आणि मग आम्हाला उमगलं. ते शॉटचा निकाल कळवत होते. त्यानंतर कार्डं येत राहिली. गावच्या निवडणुकीला उभे राहिले, बाहेर. पुन्हा उभे राहिले, पुन्हा बाहेर. ब्याण्णवपासून, तिकडे युद्ध पेटल्यावर, तीन-चार वर्षं काहीच आलं नाही. पेपरात त्यांच्या देशाचे नकाशे छापून यायचे आणि दर वेळी रेषा बदललेल्या असायच्या, आणि आई रोज विचारायची, साहेबांचं कार्ड आलं का. मग एक मळकं कार्ड आलं, "शाळा बंद होता. पाव भाजायला शिकलो. सगळी गल्ली खातो. आत." पुढं टीव्हीवरच्या एका मालिकेत उंच न्यायाधीशाचं काम मिळालं, त्यापुढं लिहिलं होतं, "एक आत, एक बाहेर, कारण बोलायला विसरलो."

मीही माझे कळवत गेले. प्रकल्पात टेलिफोन ऑपरेटर, आत. बाहेरून बी.ए., आत. स्वतःची खानावळ, बाहेर, आणि सपशेल बाहेर. पस्तिसाव्या वर्षी बास्केटबॉलच्या पंचांची परीक्षा दिली. पहिल्यांदा बाहेर, दुसऱ्यांदा आत. झुलेखा मिरजेत गाडी चालवायला शिकवण्याचं स्कूल चालवते, आणि कार्ड आलं की मला फोनवर मोठ्यानं वाचायला लावते.

शेवटचं कार्ड चार वर्षांपूर्वीचं आहे. अक्षर फार हललेलं, एकेक अक्षर वेगळं काढलेलं. "आता मधमाश्या. बेचाळीस पेट्या. कधी पाळला नव्हता. बॉल हवेत आहे." त्यानंतर काही आलेलं नाही. त्यांचं वय मला माहीत आहे, आणि झुलेखा म्हणते की एकदा तिकडे कुणाला तरी विचारून बघ. मी विचारलं नाही. मी फक्त उत्तर पाठवलं, त्यांच्यासारखंच, इंग्रजी अक्षरांत:

"पंच मी आहे. बघते आहे. शिट्टी वाजवलेली नाही."